उलट्या बटणांची खाण

४ जानेवारी, सकाळ

कालच्या मीटिंगचा वास अजून नाकातून जात नाहीये. ओलं लाकूड, बुरशी आणि कमिटीतल्या माणसांचे दमट कोट. मीटिंग मुद्दाम खाणीवरच्या जुन्या इंजिनघरात ठेवली होती, कारण तिथे आता खाणीचं म्युझियम होणार. पाटीच्या दगडाची खाण. एके काळी निम्म्या जगाच्या छपरांना इथला दगड जायचा म्हणतात. आता आत नुसतं हिरवं पाणी साचलंय. सेक्रेटरीबाईंना मधल्या खोलीत खाणीचं मॉडेल हवंय, खाण जोरात चालू होती तेव्हाचं. बनवणाऱ्याचं नाव पितळी पट्टीवर कोरून भिंतीला लावणार.

आगगाडीवाल्याने लगेच हात वर केला. हा माणूस घरात खेळण्यातल्या आगगाड्या गोलगोल फिरवतो आणि भांडी घासायच्या स्पंजला हिरवा रंग फासून त्याला झाड म्हणतो. शी! मी उभा राहिलो आणि सांगितलं, अख्खी खाण मी करतो. शंभरास एक स्केलने. खऱ्या दगडात. सगळे गप्प झाले. आदराने, अर्थात. आगगाडीवाल्याला दगड सोलायची एक शेड दिली. तेवढी जमेल त्याला.

संकल्प : रोज सकाळी काम. उद्घाटन मार्चमध्ये, फेब्रुवारीतच संपवून टाकायचं. तोवर कोणालाही दाखवायचं नाही.

५ जानेवारी

सेक्रेटरीबाईंकडून जुन्या फोटोची काच आणली, पूर्वी निगेटिव्ह काचेवर असायची, ती. इंजिनघराच्या खिडकीतून कोणीतरी टिपलेली अख्खी खाण, माणसांसकट. फोटो स्टुडिओत मोठी प्रिंट काढायला दिली. स्टुडिओवाल्याची नखं पिवळी, काउंटरवर वडापाव खाल्ल्यासारखे तेलाचे डाग. त्याने विचारलं, यातली कुठली बाजू वर ठेवायची, चकचकीत की खरखरीत? या धंद्यात केस पांढरे झाले आणि मला विचारतो! मी म्हणालो, चकचकीत वर. एवढंही कळत नाही? तो म्हणाला, नक्की ना? मी म्हणालो, अहो, माझी अख्खी नोकरी मोजणी खात्यात नकाशे ट्रेस करण्यात गेलीय, मला बाजू शिकवू नका.

मग मुकाट्याने पावती फाडली.

७ जानेवारी

जागेचा प्रश्न सुटला. हिचं कटिंगचं टेबल. ही घरीच शिवणकाम करते, सगळी गल्ली हिला शिवणताई म्हणते. टेबल लांबरुंद, मजबूत, उजेडाला. कपडा काय, जमिनीवर पसरूनही कापता येतो. खाण जमिनीवर करता येत नाही.

ही म्हणाली, किती दिवस? मी म्हणालो, उद्घाटनापर्यंत, फार तर. ही म्हणाली, माझे गुडघे? मी म्हणालो, व्यायाम होईल. त्यावर हिने कात्री जरा जोरात ठेवली.

१० जानेवारी

प्रिंट आली. भिंतीला लावली. डोळ्यांत पाणी आलं. उजव्या हाताला उतारावरून वर येणारे रूळ, त्यावर दगडाच्या ट्रॉल्या. डाव्या हाताला टाकाऊ दगडाचा डोंगर. मधे खड्डा, पायऱ्यापायऱ्यांचा. आणि पुढे ओळीने उभे कामगार, मिशा पिळून. ट्रॉल्यांवर काहीतरी लिहिलंय, पण एक अक्षर लागत नाही. त्या वेळच्या रंगाऱ्यांना हाताला वळणच नव्हतं. आजही नाही म्हणा.

ही जमिनीवर बसून कोणाचा तरी झगा कापत होती. वर मान करून म्हणाली, या सगळ्यांच्या कोटांची बटणं बायकांच्या बाजूला कशी? मी पाहिलं. खरंच तशी आहेत. मी सांगितलं, गरिबी. बायकोचे कोट घालायचे बिचारे. ही म्हणाली, सगळ्यांनीच? आणि खांद्यात एवढे बरोबर बसतात?

हिला शिवणापलीकडे जग नाही. सोडून दिलं.

१६ जानेवारी

दगड आणला खाणीच्या कचऱ्यातून, जावईबापूंच्या गाडीतून. जावयाचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं, सीटवर चिखल लागला म्हणून. नव्या पिढीला मातीची घाण वाटते.

दगड सोलून पातळ थर काढायचे, त्याचे चिमुकले तुकडे करायचे. धूळ फार उडते. राखाडी, बारीक, सगळीकडे शिरणारी. चहात, अंथरुणात, दातांत. आज हिच्या एका गिऱ्हाइकाचा पांढरा शुभ्र कोट धुळीने राखाडी झाला. दवाखान्यात घालायचा होता. डॉक्टरीणबाई दारातच उभ्या राहून बोलून गेल्या, आत यायलाही तयार नव्हत्या. ही त्यांच्या मागे जिन्यापर्यंत गेली. परत येऊन नुसतं म्हणाली, आता त्या यायच्या नाहीत.

मी म्हणालो, खाणकामगारांच्या छातीत हीच धूळ जायची, तू कोटाचं काय घेऊन बसलीस. पटलं असावं. खिडकी पुसायला घेतली.

२३ जानेवारी

मोठा शोध!

फोटोतल्या प्रत्येक कामगाराने हातोडी डाव्या हातात धरली आहे. एकूण एक. माझ्या आधी कोणाच्या लक्षात आलं नव्हतं, कारण बाकीच्यांना डोळे असतात पण दृष्टी नसते. या खाणीत डावखुरेच घेत असणार! दगडाचा थर डावीकडून सुटत असेल. यावर शोधनिबंध लिहायला घेतला आहे. उद्घाटनाच्या दिवशी वाचून दाखवीन. सेक्रेटरीबाईंना फोन करून भाषणाची वेळ मागून घेतली. विषय सांगितला नाही, फुटेल म्हणून.

आता माझे सगळे पुतळे डावखुरे होणार. प्रत्येक जण करंगळीच्या पेराएवढा. हातोड्या टाचणीच्या टोकाच्या.

२५ जानेवारी

शास्त्रीय प्रयोग. डाव्या हाताने दगड सोलून पाहिला. उजवा अंगठा ठेचला. प्रचंड. नख काळंनिळं.

यावरून सिद्ध होतं की ते लोक किती कसबी होते.

हिने पट्टी बांधली. म्हणाली, उजव्या हाताने करा की सरळ. हिला संशोधन म्हणजे काय ते कोण सांगणार.

३ फेब्रुवारी

खुद्द खाणीवर जाऊन आलो. ही मागे लागली होती, एवढी जवळ आहे तर एकदा नजरेखालून घाला. काय मिळालं? शेणात पाय गेला. पाण्यावर हिरवा तवंग, त्यात एक बूट तरंगत होता. कुबट वास. वरच्या बाकावर दोघं प्रेमवीर बसले होते, त्यांनी मला पाहून नाक मुरडलं. मी त्यांना!

एक गंमत झाली. रूळ होते ती उताराची वाट मला डावीकडे दिसली. फोटोत उजवीकडे आहे. जरा वेळ गोंधळलो. मग लक्षात आलं, मी मागच्या बाजूने आलो असणार. वाटा बदलल्या आहेत, कुंपणं घातली आहेत, माणूस चुकणारच. म्हणून मी म्हणतो, मॉडेल कागदपत्रांवरून करावं. प्रत्यक्ष जागा माणसाला फसवते.

पुन्हा जाणार नाही.

१२ फेब्रुवारी

खाणीच्या तळाशी पाणी करायला रेझिन ओतलं. डबीवर लिहिलं होतं, एका दिवसात घट्ट होतं. झालं नाही. आजही चिकट. वास असा की शेजारच्या वहिनींनी खिडकी लावून घेतली, जोरात, मला ऐकू यावं म्हणून. संध्याकाळी एक माशी त्यात बसली आणि अडकली. काढायला गेलो तर पाय तिथेच राहिले. ठेवली तशीच. शंभरास एक स्केलने ती एका कुत्र्याएवढी होते. खाणीत कुत्री असणारच.

मातीसाठी चहाचा चोथा वाळवून वापरला होता. त्याला पांढरी बुरशी आली. किळसवाणा प्रकार. वरून रंग मारला.

आगगाडीवाला जिन्यात भेटला. त्याची शेड झाली म्हणे. झालीच असणार. विचारत होता, दादा, तुम्ही खाणीचं माप घ्यायला कितीदा गेलात? मी नुसता हसलो.

२१ फेब्रुवारी

हिचा उजवा गुडघा सुजला. डॉक्टरांनी जमिनीवर बसणं बंद करायला सांगितलं. म्हणजे कापणं बंद. हिने दोन मोठ्या ऑर्डरी परत केल्या, फोनवर, मी ऐकेन अशा बेताने. मग बराच वेळ मशीनवर हात ठेवून नुसती बसली होती.

मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण आत्ता मॉडेल हलवलं तर रूळ उखडतील. मी म्हणालो, उद्घाटन झालं की टेबल तुझं. पट्टीवर माझं नाव लागेल तेव्हा तुलाही बरं वाटेल. ही म्हणाली, पट्टीवर गुडघा टेकता येत नाही.

हिच्या आईचा स्वभाव उतरलाय, दुसरं काय.

१ मार्च

पूर्ण झालं!! थोडं चिकट आहे. पण पूर्ण.

अप्रतिम. मी स्वतःचं कधी कौतुक करत नाही, पण अप्रतिम. जावईबापू टेम्पो ठरवताहेत. पट्टीचा मजकूर मीच लिहून दिला, सेक्रेटरीबाई नाहीतर काहीतरी पाचकळ लिहितील.

२ मार्च, दुपार

घात झाला.

मॉडेल इंजिनघरात नेलं. मधल्या खोलीत, मोठ्या खिडकीखाली ठेवलं. हीच ती खिडकी, जिथून फोटो काढला होता. चादर ओढली. सेक्रेटरीबाई, आगगाडीवाला, जावई, ही, सगळे वाकून बघत होते. सेक्रेटरीबाई म्हणाल्या, बाई गं, किती बारीक काम! मग खिडकीबाहेर बघितलं. मग मॉडेलकडे. मग परत बाहेर. आगगाडीवाल्यानेही बाहेर बघितलं. जावयाने बघितलं आणि खोकल्याचं नाटक केलं.

बाहेर उताराची वाट डावीकडे. मॉडेलमध्ये उजवीकडे. बाहेर कचऱ्याचा डोंगर उजवीकडे. मॉडेलमध्ये डावीकडे. एकही गोष्ट जागेवर नाही. म्हणजे आहे, पण पलीकडच्या जागेवर.

मी म्हणालो, मॉडेल उलटं ठेवलं गेलंय, फिरवा. फिरवलं. मग पुढचं मागे गेलं आणि तरीही चुकीचंच. पुन्हा फिरवलं. चौघांनी धरून गोल गोल फिरवत राहिलो, आगगाडीवाल्याच्या गाड्या फिरतात तसे. काही उपयोग नाही.

सेक्रेटरीबाईंनी फोटोची काच मागवली, उजेडात धरली, उलटी करून धरली, आणि हळू आवाजात म्हणाल्या, प्रिंट काढताना काच पालथी पडली वाटतं.

स्टुडिओवाला! पिवळ्या नखांचा! सगळा त्याचा दोष. मुळात त्याने विचारायलाच नको होतं. विचारल्यामुळे गोंधळ होतो.

३ मार्च

जेवण गेलं नाही. डावखुरे संपले. कामगार उजव्याच हाताने काम करायचे, तुमच्याआमच्यासारखे. बटणं बरोबर बाजूला होती. ट्रॉल्यांवरची अक्षरंही सरळ असणार. शोधनिबंध चुलीत घातला असता, पण आमच्याकडे गॅस आहे.

सेक्रेटरीबाईंचा फोन आला. फार गोड बोलत होत्या, तेव्हाच समजलो. मॉडेल जिन्याखाली ठेवू म्हणाल्या. चादर घालून. मधल्या खोलीत आगगाडीवाल्याची शेड ठेवू.

मी सुचवलं, खिडकीला फळ्या ठोका. त्या म्हणाल्या, खिडकीसाठीच तर लोक येणार आहेत. नतद्रष्ट बाई.

फोन ठेवून मी भिंतीकडे तोंड करून पडलो. ही गुडघ्याला शेक घेत बसली होती. मग म्हणाली, अहो, आरशात बघितलं तर सरळ दिसेल ना ते?

मी ताडकन उठून बसलो. हे मला सुचायला हवं होतं. सुचलंच होतं जवळजवळ.

५ मार्च

हिचा ट्रायलचा आरसा नेला. पुरुषभर उंचीचा, जाड काचेचा, लाकडी चौकटीचा. गिऱ्हाइकं कपडा घालून याच्यासमोर उभी राहतात. हिने सुरुवातीच्या कमाईतून घेतलेला. टेम्पोत स्वतः मांडीवर उशी ठेवून धरून बसली, दुखऱ्या गुडघ्यानिशी.

मॉडेल आरशासमोर ठेवलं. खाणीचं तोंड आरशाकडे, पाठ लोकांकडे. आरशात बघितलं आणि सेक्रेटरीबाई ओरडल्या, अगं, हुबेहूब! खरंच हुबेहूब. खिडकीत दिसते तशीच. माझे सगळे कामगार क्षणात उजवे झाले.

फक्त लोकांना आता मॉडेलची मागची बाजू दिसते. प्लायवूड, वाळलेला गोंद आणि पेन्सिलीचे हिशेब. आणि एके ठिकाणी माझ्या अंगठ्याचं रक्त.

मधली खोली राहिली. माझीच. संकल्प : आता शांत राहायचं.

९ मार्च

काल उद्घाटन झालं. भाषण झालं नाही. त्यांनी विचारलंच नाही, मीही आठवण दिली नाही.

लोकांबद्दल काय लिहू? आरशासमोर येतात आणि आधी केस नीट करतात. एक जण दातांत अडकलेलं काहीतरी काढत होता, माझ्या खाणीवर वाकून! एका बाईंनी लिपस्टिक लावली. मुलं जिभा दाखवत होती. एका गृहस्थाने पोट आत घेतलं, समाधानाने मान हलवली आणि खाणीकडे ढुंकूनही न बघता निघून गेला. दिवसाखेर काचेवर सगळीकडे बोटांचे तेलकट ठसे.

आणि पट्टी. पट्टी लागली. पितळी, चकचकीत, आरशाच्या चौकटीला. «आरसा : शिवणताई यांच्याकडून.» माझ्या नावाची मॉडेलच्या दर्शनी बाजूला लावली आहे म्हणे. ती बाजू आरशाकडे आहे. आरशात वाचली. उलटी दिसते.

१७ मार्च

टेबल हिला परत मिळालं. ही उभी राहून कापते. गुडघा उतरतोय. पण आरसा नाही.

आरशाशिवाय गिऱ्हाईक कपडा घेत नाही. कसं दिसतंय म्हणून हिला विचारतात, आणि हिने छान आहे म्हटलं तरी विश्वास बसत नाही, शिवणारी छानच म्हणणार. म्हणून आज हिने मला समोर उभं केलं. म्हणाली, निवृत्त माणूस, मोजणी खात्यातला, ते खरं सांगतील. कोपऱ्यावरच्या शाळेतल्या बाई जाकीट घालून उभ्या. मी नीट पाहिलं आणि सांगितलं, डावी बाही लांब आहे. हिने खडूची खूण केली आणि डावी बाही कापली.

लांब उजवी होती. माझ्या डावीकडची.

बाई जाकीट तिथेच ठेवून गेल्या. ही खाली मान घालून उसवत बसली. रागावली असती तर बरं झालं असतं. नुसती दमल्यासारखी म्हणाली, आरसा होता तेव्हा असं होत नसे हो.

मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो. खालचा कचरा सुद्धा बघवला नाही.

१९ मार्च, संध्याकाळ

आरसा परत आणला.

कारण स्पष्ट लिहून ठेवतो, नाहीतर लोक भलतंच समजतील. मला त्या ठशांची किळस येते. परक्या माणसांनी बोटं लावायची, दात कोरायचे, जिभा दाखवायच्या, आणि आरसा आपल्या घरचा! स्वच्छतेचा प्रश्न आहे. बाकी काही नाही.

सेक्रेटरीबाई म्हणाल्या, दादा, आरसा नेलात तर मॉडेल जिन्याखाली जाईल, विचार करा. मी म्हणालो, जाऊ दे. तिथे धूळ कमी. आगगाडीवाल्याने चादर घालायला मदत केली. कामगारांवरून हळूच ओढली त्याने, एकही हातोडी अडकू दिली नाही. म्हणाला, रूळ फार सुंदर झालेत, दादा. स्पंजवाल्याला काय कळतं रुळांतलं. पण म्हणाला.

टेम्पोत आरसा धरून मी मागे बसलो, खाणीकडे पाठ करून. टेम्पो निघाला आणि सहज आरशात लक्ष गेलं. त्यात माझ्या खांद्यामागे खाण दिसत होती. खरी. उताराची वाट उजवीकडे. कचऱ्याचा डोंगर डावीकडे. मधे हिरवं पाणी. तंतोतंत माझी! एकही गोष्ट चुकलेली नव्हती. वळणापर्यंत बघत होतो. ड्रायव्हरला थांब म्हणणार होतो, पण ही वाट बघत असेल म्हणून म्हणालो नाही.

घरी आलो. जावई आणि मी मिळून आरसा जुन्या जागी उभा केला. ही कात्री हातात धरून बघत राहिली. माझ्याकडे बघितलं, आरशाकडे बघितलं, पदर डोळ्यांपर्यंत नेला आणि खाली घेतला. मला वाटलं, आता काहीतरी बोलणार. मी तयार होऊन उभा राहिलो.

ही म्हणाली, अहो, निघताना जरा पुसून आणला असता तर हात मोडले असते का?

फडकं सापडत नाहीये. शोधतो.